करडा पट्टा

माझ्या डाव्या कानाला आता वरचे सूर ऐकू येत नाहीत. डेटा परत आणणाऱ्याला कान कशाला लागतो, असं बाहेरच्याला वाटेल. लग्नाच्या शूटिंगची मेमरी कार्डं ज्याने जोडली आहेत तो असं विचारणार नाही.

फोटोचं त्या मानाने सोपं. डोकं ओळखू येतं, शेपूट ओळखू येतं, मधला माल बहुतेक वेळा सलग पडलेला असतो. व्हिडिओ छळतो. आमच्याकडचे शूटिंगवाले मांडवात बसल्या बसल्या नको ते शॉट कॅमेऱ्यातूनच उडवतात. कार्डावर भोकं पडतात आणि पुढची लांब क्लिप, सप्तपदी असो की पाठवणी, त्या भोकांमधून तुकड्या-तुकड्यांनी उतरते. मग रात्री घाईत कुणीतरी तेच कार्ड फॉरमॅट मारतो आणि कुठल्या तुकड्यामागे कुठला, हा हिशेबच जातो. त्यात एमपीफोरची अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग थांबल्यावर लिहितात. बॅटरी आधीच बसली असेल तर अनुक्रमणिका जन्मालाच आलेली नसते. सगळा माल हाताशी असतो, आणि प्लेअर म्हणतो फाइल खराब आहे.

तुकडे जुळवताना चित्र फसवतं. तेच स्टेज, तीच पैठणी, तोच लाइटवाला. शिवाय डिकोडर लबाड असतो. तुकडा चुकीचा लागला तरी मागच्या चित्रावरून सारवून नेतो. आवाजाला अशी लबाडी जमत नाही. हलगीची थाप अर्धी पडते, सनईचा सूर उडी मारतो, सांध्यावर बारीकसा ‘टक्’ येतो. तो ‘टक्’ ऐकण्यावर माझं नाव झालं. परळी-माजलगावचे स्टुडिओवाले पुण्यातून नकार घेऊन माझ्याकडे यायचे, आणि पुण्याने काय सांगितलं हे मी त्यांना मुद्दाम दोनदा बोलायला लावायचो. जोडलेली क्लिप गिऱ्हाइकासमोर मोठ्या स्पीकरवर लावायचो. त्याची काही गरज नसायची. गिऱ्हाइकाला नवरी दिसत असायची, मी मात्र सांधा ऐकत असायचो.

आता सांधे अंबाजोगाईचा एक मुलगा ऐकतो. कान कोवळा, हात वेगवान. ज्या कामात मी अख्खी रात्र घातली असती ते तो चहा निवायच्या आत संपवतो. याचा आनंद होतो असं लिहिलं तर ते खोटं ठरेल.

एका ऊसतोड कुटुंबाचं कार्ड आलं होतं. धाकटीच्या लग्नात आई माईकवर चार शब्द बोलली होती. पुढच्या हंगामात कर्नाटकात फडावरच ती गेली. तिचा दुसरा व्हिडिओ नव्हता. तुकडे लागले, पण मध्ये काही सेकंदांच्या जागेवर नंतरचे फोटो लिहिले गेले होते. ते सेकंद मग कुणाच्याच बापाला आणता येत नाहीत. अंबाजोगाईच्या मुलाने एआयला आधीचा-नंतरचा भाग दिला आणि भोक भरून आणलं. ओठ हलत होते, आवाज तिचाच वाटत होता. मी उजवा कान लावून ऐकलं, ‘टक्’ नव्हता. मी ती फाइल बाजूला ठेवली आणि भोकाच्या जागी करडा पट्टा असलेली दिली. मुलगा म्हणाला, “सर, त्यांला आई पाहिजे, पट्टा नको.” यावर माझ्याकडे आजही चोख उत्तर नाही. तिच्या थोरल्याने क्लिप पाहिली आणि विचारलं, “भाऊ, मधी काय म्हणली असंल ती?” मी म्हटलं, ते कार्डावर नाही.

आमच्या बीड जिल्ह्यात भोक भरावं की नाही हा प्रश्न नुसता हळव्या मनाचा उरलेला नाही. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. आरोपपत्रातली छायाचित्रं मार्च २०२५ मध्ये बाहेर आली तेव्हा अख्खा जिल्हा सुन्न झाला. खटला कोर्टात आहे, त्यावर माझ्यासारख्याने बोलू नये. पण दुकानातली भाषा बदलली. पूर्वी लोक विचारायचे, येईल का परत? आता खालच्या आवाजात विचारतात, परत येणारच नाही असं पुसता का? पोलिसात काही आहे का, हे मी आधी विचारतो. पुरावा म्हणून कोर्टापुढे येऊ नये या हेतूने रेकॉर्ड नष्ट करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅशवर, म्हणजे फाइलीच्या अंकी ठशावर उभं असतं. एक बाइट इकडचा तिकडे झाला की हॅश बदलतो. भोकं भरायची सवय लागलेला हात अशा फाइलीला लावायचा का, हे मी त्या मुलाला विचारतो. तो हसतो.

पुसण्याच्या धंद्यात थापाच जास्त. ‘३५ वेळा पुसून देतो’ म्हणत तिप्पट पैसे घेणारे आहेत. तो आकडा पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधातला, त्या काळच्या डिस्कांसाठीचा. नव्या डिस्कांवर सगळे ३५ फेरे मारण्यात अर्थ नाही, हे पुढे त्यांनीच लिहून ठेवलं. आजच्या चुंबकी डिस्कवर एक फेरा नीट मारला तरी पुरतो. प्रश्न उरतो तो डिस्कने स्वतःच बाद करून बाजूला टाकलेल्या सेक्टरांचा. तिथे आपलं सॉफ्टवेअर पोचत नाही, डिस्कच्या पोटातली सिक्युअर इरेजची आज्ञा द्यावी लागते. पुसून झाल्यावर मी शत्रूसारखा त्याच डिस्कवर शोधायला बसतो. त्यात सचोटी किती आणि खुमखुमी किती, मला सांगता येणार नाही.

तसाही माझा धंदा सरत आलाय. एसएसडी ट्रिम झाली, म्हणजे पुसलेल्या जागा तिने आतून साफ केल्या, की मागे शोधण्यासारखं काही राहत नाही. नवा अँड्रॉइड फोन रीसेट केला की डेटा उघडणारी किल्लीच जाते. उरलीत ती कार्डं. तेव्हा शूटिंगवाल्यांना हात जोडून सांगतो: मांडवात शॉट उडवू नका, आणि कार्ड चुकून पुसलं गेलं तर ते कॅमेऱ्यातून काढून खिशात ठेवा, वर एकही फोटो काढू नका. भोकं भरलेली फाइल हवी असेल तर शहरात दुकानं आहेत. माझ्याकडे पट्ट्यासकटच मिळेल.