जबल अलीची सहल

आमच्या घरात सहल म्हणजे माहीमचा उरूस, आणि येताना मुलांसाठी राणीची बाग. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत दुबईचं मोशनगेट पाहायला जायचं ठरलं, तेव्हा आम्ही तिन्ही भावंडं जरा गोंधळूनच गेलो. निकाहाची बोलणी करताना आम्ही एवढे कागद खर्ची घातले नव्हते.

मोशनगेट २०१६च्या डिसेंबरात उघडलं. सिनेमांवर, त्यातही बरंचसं कार्टूनच्या सिनेमांवर बेतलेली ही बाग. श्रेक, कुंग फू पांडा, मादागास्करमधले पेंग्विन, ड्रॅगन पाळणारा तो मुलगा, हे सगळे एका छताखालच्या थंड दालनात. निळ्या स्मर्फांचं गाव वेगळं. बेल्जियमच्या पेयो नावाच्या चित्रकाराने १९५८ साली ही बुटकी माणसं काढली, ही माहिती आमच्या नऊ वर्षांच्या भाचीने आम्हाला दिली. तिने बेतही आखून दिला. सकाळी ऊन चढायच्या आत उघड्यावरचे पाळणे, दुपारी दालनात, संध्याकाळी पुन्हा बाहेर. काही पाळण्यांना उंचीची अट असते, म्हणून धाकट्याला रोज दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीची रेघ मारायची. मेट्रो तिथपर्यंत जात नाही, तेव्हा गाडी ठरवायची. चाचींनी तसविरींच्या गावाला कशाला जाता म्हणून एकदा सुनावलं. आणि मग हळूच विचारलं, नमाजाला जागा असेल ना? असते, म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. नंतर कळलं, त्यांनाही यायचं होतं.

अडलं ते अब्बांपाशी. ही बाग जबल अलीजवळ आहे. जबल अली हे नाव आमच्या घरात कार्टूनच्या आधीपासून आहे. तिथलं बंदर १९७९ साली सुरू झालं आणि १९८० साली आमचे अब्बा ‘द्वारका’ बोटीने निघून तिथे माल उतरवायला लागले. १९८२ साली ती बोट बंद झाली. मग ते विमानाने येऊ लागले. दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा. १९९८ साली ते कायमचे परतले. आम्ही एकदा हिशेब केला. अठरा वर्षांत आठ रजा, म्हणजे सोळा महिने. आमच्या बालपणात अब्बा एवढे. बाकीचे अब्बा म्हणजे मनीऑर्डर, अत्तराची बाटली, आणि कॅसेटमध्ये भरून पाठवलेला आवाज. ती कॅसेट अम्मी आधी एकटी ऐकायच्या, मग आम्हाला बोलवायच्या.

तेव्हा आम्ही म्हटलं, अब्बा, तुम्हीही चला. ते म्हणाले, “मी दुबई बघितलीय.”

खरं तर बघितली नव्हती. कंपनी पासपोर्ट आपल्याकडे ठेवून घ्यायची, कॅम्पवरून बस धक्क्यावर न्यायची आणि धक्क्यावरून कॅम्पवर आणायची. शहरात जायचं ते ईदला आणि घरी न्यायच्या सामानाच्या खरेदीला. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. गावातले त्यांचे जोडीदार सांगायचे, तेही हसत हसत. गल्फच्या माणसाने रडगाणं गायचं नसतं, अशी आमच्याकडे रीत आहे. त्या रीतीवर आमची पक्की घरं उभी आहेत, आणि त्या रीतीचा आम्हाला रागही येतो.

आम्ही तिकिटाचे दर त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ओठ हलवून हिशेब केला. त्यांच्या पहिल्या पगाराच्या वेळी एका दिरहमला दोन-सव्वादोन रुपये मिळत; आता वीसच्या वर मोजावे लागतात. “तेव्हा मिळवत होतो, आता देऊन यायचं,” एवढंच ते बोलले. आम्हाला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून जुना पासपोर्ट काढला. त्यातला माणूस आमच्यापेक्षा लहान होता. आम्ही बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. भाचीने विचारलं, हा कोण? अब्बा म्हणाले, “होता एक हमाल.”

नव्या पासपोर्टसाठी त्यांनी दाढी नीट करून घेतली. फोटो आला तेव्हा चार जणांना दाखवला. मग मात्र ते बेतात असे शिरले की भाचीचं काही चालेना. पाणी किती घ्यायचं, धाकट्याच्या टोपीला मागे कापड शिवायचं, दुपारी बारा ते तीन कोणीही उन्हात उभं राहायचं नाही. उन्हाचं ते बोलतात तेव्हा घरात कोणी वाद घालत नाही. शेवटी एकच प्रश्न राहिला, वार कोणता. अब्बा म्हणाले, जुम्याला नको, सगळ्यांना सुट्टी असते, गर्दी होईल.

आम्ही सांगितलं, अब्बा, २०२२पासून तिथली सरकारी सुट्टी शनिवार-रविवारी झाली. जुम्याला आता अर्धा दिवस काम असतं.

ते जरा वेळ बोलले नाहीत. चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघांवरून त्यांनी बोट फिरवलं.

“मग पोरं पत्रं कधी लिहितात?”