हाताशी दिवा

आमचे घर इंदूरच्या रामबागेत. सासऱ्यांनी ते 1962 साली बांधले, तेव्हा विजेची जोडणी ही घराने मिरवण्याची गोष्ट होती. लाकडी पट्ट्यांवरून धावणाऱ्या तारा, चिनी मातीचे फ्यूज, काळी गोल बटणे आणि प्रत्येक खोलीच्या मधोमध लोंबणारा एकुलता दिवा, एवढा तिचा थाट. बटणांची पाटी मात्र दाराच्या मागे. दार उघडले की पाटी झाकली जायची. काळोखात दार लोटून आत यावे, मग ते अर्धे मिटावे आणि भिंत चाचपावी, ही कवायत साऱ्यांच्या अंगवळणी पडली होती. तिच्यात काही गैर आहे असे पन्नास वर्षे कुणाला वाटले नाही.

वाटले ते माईंना, माझ्या सासूबाईंना. ऐंशी ओलांडल्यावर रात्री दोनदा तरी त्यांना उठावे लागे. पलंगापासून पाटीपर्यंत सहा पावले काळोखाची. "अगं, मला दिवा हाताशी करून द्या," त्या म्हणत. आम्ही म्हणत असू, "दिवाळी होऊ द्या माई, मग वायरमनला बोलावू." दिवाळी झाली, संक्रांतही झाली. 2011 च्या फेब्रुवारीत एका पहाटे त्या सहा पावलांतच माई पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, परंतु त्या पुन्हा नीट चालल्या नाहीत. पलंगाच्या गजाला लांब तारेचे बटण बांधून दिले ते त्यानंतर. वायरमनला त्या कामास अर्धा तास लागला. तो अर्धा तास मला अजून आठवतो. 2013 साली माई गेल्या.

2016 साली जुन्या तारांचे आवरण हात लावताच भुगा होऊ लागले, तेव्हा साऱ्या घराची जोडणी नव्याने करण्याचे ठरले. वायरमनने पहिलाच प्रश्न केला, "भाभीजी, कितने पॉइंट लगेंगे?" आमचे हे लगेच आकडा सांगणार होते. मी चार दिवस मागून घेतले.

त्या चार दिवसांत मी खडूचा तुकडा घेऊन घरभर हिंडले. दिवसा नव्हे, दिवेलागणीनंतर. कोण कोठे बसते, कशासाठी हात पुढे करते, उजवा की डावा, हे पाहून भिंतीवर फुल्या मारल्या. स्वयंपाकघरातच डोळे उघडले. दिवा खोलीच्या मध्यावर आणि ओटा भिंतीला; म्हणजे भाजी चिरणारीची सावली नेमकी विळीवर. इतकी वर्षे मी माझ्याच सावलीत तांदूळ निवडले! साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो, असे म्हणतात. खडे राहिले म्हणून माईंना बोल लावणारी मी, हे वाचून खजील झाले. आता ओट्यावरच्या फडताळाच्या खालच्या कडेला एलईडीची पट्टी आहे आणि उजेड हातावर पडतो.

प्लगांचे गणित वायरमनने शिकवले. त्याने शाळा अर्ध्यावर सोडलेली, पण समजावण्याची हातोटी अशी की कित्येक मास्तरांनी हेवा करावा. दोन हजार वॅटचा गीझर 230 व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर घेतो. सहा अँपिअरच्या लहान प्लगाला ते झेपणारे नाही. त्याला सोळाचा प्लग, थेट पाटीपासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तार, आणि बटण न्हाणीघराच्या बाहेर. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार पुरते. एका प्लगात तीन तोंडांचा जोड घालून मिक्सर, इस्त्री व शेगडी चालवणाऱ्या आमच्या घराने हे सारे मान खाली घालून ऐकले. यांनी खर्चात काटछाट सुचवली ती नेमकी गळती पकडणाऱ्या स्विचावर. "एमसीबी आहे ना?" वायरमन म्हणाला, "साहब, वो तार को बचाता है. ये आदमी को बचाएगा." माणसाला प्राणघातक ठरणारा प्रवाह इतका थोडा असतो की एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, हा दुसरा तीस मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडतो. मात्र अर्थिंगही नीट हवेच, म्हणून अंगणातला जुना खड्डाही नव्याने करवला. काटछाट झाली ती दिवाणखान्यातल्या झुंबरात, आणि त्याचे दुःख एकट्या यांनाच आहे.

जिन्याला खाली एक व वर एक अशी दोन बटणे आली. कुठल्याही टोकाहून दिवा लावावा वा मालवावा. मधल्या बोळात पूर्वी शून्याचा दिवा असे. नाव शून्य, खाणार पंधरा वॅट, आणि तो नेमका डोळ्यांत! त्याऐवजी घोट्याच्या उंचीवर एका वॅटचा दिवा बसवला. तो फरशी दाखवतो, झोप मोडत नाही. 2003 च्या सुमारास मध्य प्रदेशात विजेची जी ओढाताण झाली तिच्या आठवणीने हा दिवा व देवघराचा दिवा इन्व्हर्टरवर घेतले.

माईंच्या खोलीत आता आम्ही दोघे निजतो. पलंगाच्या दोन्ही अंगांना, झोपल्या जागी हात पोहोचेल अशी बटणे आहेत. त्यांच्या फुल्या मी पलंगावर आडवी होऊन, डोळे मिटून मारल्या होत्या. हे तेव्हा हसले. हल्ली रात्री आधी त्यांच्याच बाजूचे बटण वाजते.

इतके करूनही एक चूक राहिलीच. दिवाणखान्याच्या ज्या कोपऱ्यात दर भाद्रपदात गणपती बसतो, तेथे प्लग ठेवायचा राहून गेला. भिंती रंगल्यावर ते ध्यानात आले. "एवढा खडू झिजवलास आणि बाप्पालाच विसरलीस!" हे दरवर्षी म्हणतात. मग शेजारच्या खोलीतून तार आणावी लागते. ती उंबऱ्यावरून कोणी टाकू नये म्हणून मी स्वतः स्टुलावर चढून चौकटीवरून, सुतळीने बांधत नेते.