दिवेलागणीच्या आधीचा अर्धा तास

कोंबड्या सांजावताच खुराड्यात शिरतात. गिनी फाउल मात्र त्याच वेळी माना उंचावून आंब्याची फांदी नाहीतर शेडचा पत्रा न्याहाळू लागतो. पाळणाऱ्याचं खरं कसब या अर्ध्या तासात दिसतं.

सहाराच्या दक्षिणेकडचा, विरळ झाडीचा गवताळ आफ्रिका हा या पक्ष्याचा मूळ मुलूख. दिवसभर जमिनीवर चरायचं आणि कोल्हे फिरू लागण्याआधी झाड गाठायचं, हा त्याचा तिथला क्रम. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संशोधन संस्थेने कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी हे वाण तयार केले. पण पाळीव झाला तरी उंचावर झोपण्याची त्याची ओढ सुटलेली नाही. झाडावर तो कोल्ह्यापासून वाचतो, घुबडापासून वाचतोच असं नाही. शिवाय अंधारात त्याला फारसं दिसत नाही. फांदीवरून एकदा दचकून उडाला, की रात्रभर कुठेतरी उघड्यावर अडकून पडतो.

म्हणून जाणकार पाळणारे काठी घेऊन मागे धावत नाहीत. पिल्लं त्याच शेडमध्ये वाढवतात, दांडे उंच बांधतात आणि संध्याकाळी आत दिवा लावतात, कारण काळोख्या दारातून आत जायला हा पक्षी तयार नसतो. बाजरीची मूठ रोज ठरल्या वेळी आतच पडते. मोठे पक्षी विकत आणले तर काही आठवडे कोंडून ठेवावे लागतात. नंतरही सुरुवातीला दोघा-चौघांनाच मोकळं सोडायचं. थव्याशिवाय त्यांना करमत नाही. आतल्यांच्या हाकांवर ते परत येतात.

दिवसा हा थवा एकामागून एक चालत टोळ, किडे, गवताचं बी टिपत जातो. कोंबडीइतकी माती उकरत नाही, त्यामुळे बागेला तो बरा. अमेरिकेत लाँग आयलंडवर झालेल्या, 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हे पक्षी फिरत होते त्या हिरवळींवर पूर्ण वाढलेल्या गोचिडांची संख्या घटलेली दिसली. पण त्याला बांध कळत नाही. शेजारच्या नुकत्याच पेरलेल्या वावरात थवा उतरला, तर नुकसान भरून द्यावंच लागतं.

विणीच्या दिवसांत मादी थवा सोडून उंच गवतात अंडी घालते. नर जवळपास एकटाच उभा दिसला, तर घरटं तिथेच कुठेतरी असतं. चार-दोन अंडी मागे ठेवून बाकीची उचलावीत. सगळी नेली तर ती जागा बदलते. तिला तिथेच बसू दिलं तर 26 ते 28 रात्री ती उघड्यावर काढते, आणि रानमांजराला तेवढ्या पुरतात. निघालेली पिल्लंही पहाटेच्या दवात भिजून गारठतात, मरतात. तेव्हा अंडी खुडूक कोंबडीखाली किंवा यंत्रात उबवणंच शहाणपणाचं.

ज्यांना हे पक्षी पाळायचे आहेत त्यांनी पिल्लांची मागणी नोंदवण्याआधी शेडमध्ये दिवा आणि उंच दांडे बसवून घ्यावेत.