हात थरथरू दे

वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलांना तयार करताना माझं एक वाक्य ठरलेलं असायचं, "आधी शांत हो, मग बोल." वीस वर्षं मी ते मनापासून म्हणत आले. भीती आधी मनात येते आणि मग अंगात उतरते, हे मी गृहीत धरलं होतं. ज्याचे हात थांबत नाहीत त्याची तयारी कच्ची, असंही मी बोलून दाखवायचे. ते चूक होतं.

आठवीतली एक मुलगी होती. विषय होता 'माझी आजी', साठीत अक्षरं गिरवायला बसलेली आजी. पाठांतर चोख, आवाज खणखणीत. नाव पुकारलं आणि तिच्या हातातला कागद फडफडायला लागला. मी बाजूला उभी राहून खुणा करत राहिले, शांत, शांत. तिची नजर हातावर खिळली आणि तिसऱ्या वाक्याला भाषण थांबलं. नंतर ती म्हणाली, "बाई, मी शांत व्हायचा खूप प्रयत्न केला." पुन्हा तिनं कधी नाव दिलं नाही.

ते वाक्य मला टोचत राहिलं. तिनं माझंच ऐकलं होतं. भाषण बाजूला ठेवून ती हात थांबवण्याच्या मागे लागली होती.

म्हणून मी वाचायला लागले. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं १८८४मध्येच माझा क्रम उलटा केला होता. त्याचं म्हणणं, घाबरलो म्हणून आपण थरथरत नाही. अंगातल्या त्या बदलांची जाणीव म्हणजेच भीती. शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅननला हे पटलं नाही. भीतीत आणि रागात शरीर बरंचसं सारखंच वागतं, मग निव्वळ शरीरावरून भावना कशी ओळखायची, असा त्याचा १९२७मधला आक्षेप. पण संकटात शरीर काय करतं, हे त्यानंच आधी दाखवलं होतं. ॲड्रेनलिन सुटतं, काळीज धडधडतं, रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे वळतं, यकृत साखर मोकळी करतं. म्हणजे पोटात गोळा येतो तेव्हा शरीर कामाला सज्ज होत असतं. ती सज्जता मी मुलांना मिनिटभरात मोडून टाकायला सांगत होते.

मग भरताचं नाट्यशास्त्र पुन्हा उघडलं. कॉलेजात आठ सात्त्विक भाव, म्हणजे भावनेची अंगावर उमटणारी चिन्हं, नुसते पाठ केले होते. त्यातल्या वेपथूची, म्हणजे कंपाची, कारणं भरतानं दिली आहेत, त्यांत भय आहे, राग आहे आणि हर्षही आहे. कंप तोच, तो कशाचा, हे प्रसंगावरून आणि माणसाला काय हवं आहे त्यावरून ठरतं. नीको फ्रिडा हा डच मानसशास्त्रज्ञ तर भावनेला कृतीची सज्जताच मानतो. पळायचं, भिडायचं की जवळ जायचं, याची तयारी. मी ती तयारी पाहिली, पण ती कशासाठी आहे हे एकाही मुलाला विचारलं नाही.

आता विचारते. "हे कुणाला सांगायचंय? ऐकून त्यानं काय करावं असं तुला वाटतं?" मूल क्षणभर विचार करतं आणि त्याची नजर हातावरून उठून समोर जाते. थरथर बहुतेक वेळा राहतेच, पण आवाज पोचतो. काही मुलं मात्र थिजतात. भरताच्या यादीत स्तंभ, म्हणजे थिजणंही आहे. अशा मुलाला मी रेटत नाही. त्याला खाली घेते, पाणी देते, शेजारी बसते.

ती मुलगी माझ्या हाताखालून गेली, त्याला आज बरीच वर्षं झाली. त्या दिवशी तिची आजी पहिल्याच रांगेत बसली होती, डोक्यावरचा पदर सावरत, नातीचं बोलणं ऐकायला. मी त्या मुलीला हाताकडे बघायला लावलं. "आजीकडे बघ," एवढंच म्हणायचं होतं.