कडू चव

आमच्या घरात दारूचा विषय निघाला की बाया उठून आत जातात. वडील माळकरी होते, वारीत चालणारे. मी माळ घातली नाही, पण उंबऱ्याच्या आत बाटली कधी आली नाही. ती आली थोरल्या भावाच्या अंगातनं. तेव्हा ओढ्याच्या कडंला हातभट्टी लागायची. काळा गूळ आणि नवसागर कुजवायचा, उकळायचा, रबरी ट्यूबमधनं माल वाटायचा. दादा नाक दाबून एका दमात ग्लास रिकामा करायचा आणि वर मीठ चाटायचा. एक्केचाळीसाव्या वर्षी पोटात पाणी होऊन गेला. मागं पाऊण एकर गहाण आणि पदरात दोन लेकरं घेऊन वैनी उरली. लेकरं आमच्यात वाढली, मोठी झाली. त्यामुळं दारू म्हणजे काय हे मला कुणी कीर्तनात सांगायची गरज नव्हती.

अशा माणसानं इंग्लंडात जाऊन बिअर चाखली, ही गोष्ट गावात अजून चवीनं सांगतात. ती कशी घडली ते एकदा लिहूनच ठेवतो.

धाकटी लेक आणि जावई नोकरीनिमित्त केंट परगण्यात राहतात. २०१८ च्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही दोघं नवरा-बायको त्यांच्याकडं गेलो. केंटला तिकडं इंग्लंडची बाग म्हणतात. सफरचंद, चेरी, मेंढरं, हिरवी कुरणं. चार दिवस हौसेनं पाहिलं, पाचव्या दिवशी हात शिवशिवायला लागले. म्हणलं, आता कुणाचं तरी रान दाखवा, नुसतं गवत किती बघायचं?

जावयांनी फेवरशॅम गावाच्या बाजूला एक मळा दाखवला. लांबनं मला वाटलं कारल्याचा मांडव आहे. कारलं मी तीस वर्षं केलंय. डांब रोवणं, तार ताणणं, सुतळी सोडून वेल चढवणं, सगळं अंगवळणी पडलेलं. इथंही तेच, पण डांब चांगले पंधरा-अठरा फूट उंच. वरच्या तारेपासनं खाली सुतळ्या सोडलेल्या, आणि हात लावला तर सुतळी काथ्याची! म्हणजे नारळाचीच. तिला वेल घट्ट वेढे घालत वर गेलेला. या वेलाला हॉप म्हणतात. एकदा लावला की मुळी वर्षानुवर्षं जमिनीत राहते. थंडीत वरचं मरतं, उन्हाळा लागला की पुन्हा फुटतं. मळ्यात सगळी झाडं मादी. पपईच्या बागेत आपण नर झाडं काढतो तसंच इथं.

वेलाला हिरवी, कागदी पाकळ्यांची फुलं लोंबत होती. एक फूल तळहातावर चोळलं, तर आतनं पिवळा बुकटा निघाला आणि वास घमघमला, ओल्या गवताचा, थोडा मसाल्याचा. सवयीप्रमाणं जिभेला लावलं. बाबौ! काडेचिराईत बरं. अर्धा तास तोंड सरळ होईना. लेक ओरडली, "आबा, दिसेल ते तोंडात घालू नका." म्हणलं, पोरी, शेतकऱ्यानं पीक चाखायचं नाही तर कुणी?

जावई हसून बोलून गेले, "मामा, याचीच तर बिटर करतात. बिटर म्हणजे कडू. इथली जुन्या पद्धतीची बिअर. फुलाचा कडूपणा तिच्यात उतरतो."

मी विचारलं, "तुम्हाला काय ठावं तिची चव?"

ते गप्प झाले. लेकीनं खाली बघितलं. वेलाच्या सावलीत आम्ही चौघं उभे, आणि कुणीच बोलेना.

त्या रात्री मला झोप आली नाही. डोळ्यांपुढं दादा, आणि त्याच्या जागी जावई. माणूस सरळ, कष्टाळू. पण आमचा दादा काय वाईट होता? घरापासनं हजारो कोसांवर पोर दिलेली. तिथं काही झालं तर मी एसटीत बसून थोडाच पोचणार? सकाळी उठून जावयांना सांगितलं, "रागावत नाही. पण तुम्ही जिथं बसता तिथं मला न्या. मला बघायचंय."

संध्याकाळी गेलो. आपल्याकडं परमिट रूम म्हणलं की काळ्या काचा, अंधार आणि बाहेर चकण्याचा वास. हे दुकान तसलं नव्हतं. बैठं, जुनं, वाकलेल्या तुळयांचं. एका टेबलावर आजी-आजोबा जेवत होते, कोपऱ्यात एक बाई लेकराला घेऊन बसलेली, एका बाकाखाली कुत्रं झोपलेलं. फळीमागं माणूस उभा, आणि त्याच्यापुढं आपल्या हापशासारखे लाकडी दांडे. त्यानं दांडा सावकाश ओढला तशी खाली तळघरातल्या पिंपातनं बिअर वर आली. जावयांनी स्वतःला एक पाइंट घेतला, म्हणजे ५६८ मिलिलिटर. माझ्यासाठी निम्मा.

रंग कोऱ्या चहासारखा तांबूस. वर पातळ फेस, तोही लगेच बसला. मला वाटलं होतं बर्फासारखी थंड असंल, तर ग्लास माठातल्या पाण्याइतकाच गार. तळघरात बारा डिग्रीच्या आसपास ठेवतात, जास्त गार केली तर चव मरते. ते मला पटलं. फ्रिजमधल्या आंब्याला तरी कुठं चव असते?

आधी वास घेतला. भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा, आणि त्याच्यामागं कालच्या फुलाचा. मग देवाचं नाव घेऊन घोट घेतला. सोड्यासारखं काही टोचलं नाही. जिभेच्या शेंड्यावर पहिल्यांदा गोडसर लागलं, आणि ती चव ओळखीची निघाली. आठवायला दोन मिनिटं लागली. आईचं नाचणीचं सत्त्व! नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, भाजून दळायची. दादाच्या लेकरांना तेच पाजून मोठं केलं. इथं तेच काम जवावर करतात. जव भिजवून मोड काढतात, भट्टीवर वाळवतात, भरडून गरम पाण्यात मुरवतात. त्या गोड पाण्यात हॉपची फुलं टाकून उकळतात आणि मग खमीर घालतात. पिंपात भरल्यावरसुद्धा खमीर जिवंत असतं, आत काम चालूच. म्हणून पिंप फोडलं की ते थोड्या दिवसांत संपवावं लागतं, नाही तर आंबतं. दूधवाल्याचंच गणित म्हणायचं.

गोड सरलं आणि कडू आलं. कारल्यासारखं झोंबणारं नाही, मेथीच्या भाजीसारखं. जिभेच्या मागच्या बाजूला येऊन बसलं आणि हललंच नाही. शेवटी तोंड जरा तुरट, कच्चा पेरू खाल्ल्यासारखं. दुसऱ्या घोटाला कडू कमी वाटलं, तिसऱ्याला ते मी शोधायला लागलो. पाडव्याला आपण कडुलिंबाची पानं, गूळ आणि ओवा वाटून खातो, तिथं गूळ कडवटाला झाकायला असतो. इथं झाकलेलं काही नाही, गोड नि कडू शेजारी शेजारी बसलेले. खोटं कशाला बोलू? चव वाईट नव्हती. अर्ध्यातलं अर्धं प्यालो आणि ग्लास बाजूला सारला. मला कळायचं तेवढं कळलं होतं.

बाकाखालचं कुत्रं एका म्हाताऱ्याचं होतं. वय ऐंशीच्या घरात. मी ग्लास न्याहाळतोय हे बघून तो आपणहून जवळ सरकला. जावई मधे दुभाषी. मी हॉपचं रान बघून आलो म्हणल्यावर खुलला. त्याची आई लंडनच्या पूर्व भागातली, गरिबीतली. दर सप्टेंबरला त्या वस्तीतल्या बाया पोराबाळांसकट हॉप तोडायला केंटात यायच्या. झोपड्यांत राहायचं, दिवसभर फुलं तोडायची, मापावर पैसे. हात काळे पडायचे आणि कडूपणा धुवून जायचा नाही, भाकर तोडली तरी कडू लागायची. तेवढीच त्या लोकांची वर्षातली मोकळी हवा. पुढं यंत्रं आली आणि बाया यायच्या थांबल्या. मला आमच्या राजगड कारखान्याच्या ऊसतोड टोळ्या आठवल्या, पाचटाच्या खोपी, आणि उसाच्या फडात झोळीत टाकलेली लेकरं. साखर गोड, बिअर कडू, पण तोडणाऱ्याचा हात दोन्हीकडं एकच.

त्यानं माझं गाव विचारलं. मी सांगितलं, कापूरहोळ. पुणे-सातारा रस्त्यावर भोरला वळायचा फाटा. आमच्या गावच्या धाराऊनं शंभूराजांना दूध पाजलं. म्हातारा म्हणाला, म्हणजे तुमचं गाव दुधाचं, माझं या कडू पाण्याचं. मग कुत्र्याकडं बोट करून म्हणाला, हे मात्र 'डुलाली' आहे. जावई हसायला लागले. डुलाली म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली! तिथल्या छावणीत मायदेशाच्या जहाजाची वाट बघत गोरे सोजीर बसायचे. बसून बसून डोक्यावर परिणाम व्हायचा, म्हणून वेड्याला तो शब्द पडला. पुण्यात २००९ साली बिअर गाळायचं जे दुकान निघालं, त्यालाही हेच नाव. या बिटरची थोरली बहीण जास्त हॉप घालून जहाजानं मुंबईला यायची, कारण हॉपमुळं माल टिकतो आणि तेव्हा आफ्रिकेला वळसा घालून यायला चार-सहा महिने लागायचे. म्हणजे आपल्या मुलखानं या कडूपणाचा वास फार आधी घेतलेला आहे.

म्हातारा आणखी एक सांगून गेला. मधल्या काळात मोठ्या कंपन्यांनी गाळून, खमीर मारून, वरनं गॅस भरलेली बिअर सगळीकडं आणली. पिंपातली जिवंत बिअर बुडायला लागली, तेव्हा १९७१ साली लोकांनी संघटना काढून ती वाचवली. मला आमचा आंबेमोहोर आठवला. १९८७ साली वडगाव मावळच्या केंद्रातनं इंद्रायणी आलं, ते आंबेमोहोराचंच लेकरू. जास्त पिकलं, आम्हीही लावलं, पोट भरलं. पण शिजताना चार घरं ओलांडून जाणारा तो वास माझ्या खाचरातनं गेला. त्यासाठी आम्ही काही संघटना काढली नाही.

दीड तासात म्हाताऱ्याचा एक पाइंट संपला. तो उठला, कुत्र्याला हाक मारली, टोपी घातली आणि सरळ चालत गेला. जावयांचाही एकच. मी मुद्दाम मोजत होतो.

म्हणून तिकडचं सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही. जावयांनीच सांगितलं की दुकानातनं स्वस्त बाटल्या नेऊन घरात पिणारे आणि घरं बुडवणारे तिकडंही आहेत. बिटरमध्ये दारू शंभरात चार भाग, आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८. पण चार भागवालीही रोज दहा ग्लास ढोसली तर वाट दादाचीच. आपल्याकडं बायांनी मतदान करून बाटली आडवी केली ती उगीच नाही. त्या बायांच्या रांगेत आमची वैनीही उभी राहिली असती.

घरी परतताना रस्त्यात मी जावयांना थांबवलं. म्हणलं, "तुम्ही शिकलेले, मी तुम्हाला सोड म्हणून सांगणार नाही. एकच सांगतो. लपवून पिऊ नका. ज्या दिवशी लेकीपासनं लपवावंसं वाटंल, त्या दिवशी मला फोन करा. रात्रीचे दोन वाजले असले तरी."

ते म्हणाले, "होय मामा. करीन." लेकीला हे मी सांगितलं नाही, त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं न मागता मला दोनदा चहा दिला.

गावी आल्यावर वैनीपासनं लपवायचं नाही हे ठरवूनच आलो होतो. ती पडवीत बाजारासाठी कारली निवडत बसली होती. समोर बसून सगळं सांगितलं. वाटलं, आता उठून आत जाईल. ती उठली नाही.

"भावजी, कशी लागली चव?"

"आधी गोडसर, वैनी. मग कडू. मेथीवाणी."

तिनं एक पिकलेलं कारलं बाजूला काढलं. मग म्हणाली, "मी ह्यांना एकदा विचारलं होतं, एवढं पिताय तर लागतं तरी कसं? म्हणाले, ठाऊक नाही."

आणि ती पुन्हा करंडी भरायला लागली.