जुन्या मोटरसायकलचे पासिंग: कॅसल हिलमधली तपासणी आणि नेहमीचे दोष

न्यू साउथ वेल्समध्ये पाच वर्षांपेक्षा जुन्या मोटरसायकलच्या नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर आधी दरवर्षी सुरक्षा तपासणी करून घ्यावी लागते. तिचे अधिकृत नाव ई-सेफ्टी चेक. लोक मात्र तिला अजून ‘पिंक स्लिप’च म्हणतात. विम्याची ‘ग्रीन स्लिप’ वेगळी. नोंदणी संपून तीन महिन्यांहून अधिक काळ गेला किंवा गाडी दुसऱ्या राज्यातून आणली, तर ‘ब्लू स्लिप’ची अधिक कडक तपासणी होते. शेजारच्या व्हिक्टोरियात अशी वार्षिक तपासणी नाही. तिथे गाडी विकताना प्रमाणपत्र लागते. म्हणजे सीमा ओलांडली की तीच गाडी वर्षानुवर्षे कोणी न तपासता चालवता येते.

सिडनीच्या वायव्येला असलेल्या कॅसल हिलमध्ये व्हिक्टोरिया अव्हेन्यूच्या आजूबाजूच्या औद्योगिक पट्ट्यात मोटारींची गॅरेजे पुष्कळ आहेत. दुचाकी तपासण्याची परवानगी प्रत्येकाकडे नसते, त्यामुळे आधी फोन करून जावे. निकाल गॅरेजमधून संगणकाद्वारे थेट ट्रान्सपोर्ट फॉर एनएसडब्ल्यूकडे जातो.

नापास होण्याची बरीचशी कारणे किरकोळ असतात. ब्रेकचा दिवा मागच्या पेडलने लागतो, पण पुढच्या लिव्हरने लागत नाही. इंडिकेटर भराभर लुकलुकतो, कारण एक बल्ब गेलेला असतो किंवा अर्थिंगला गंज चढलेला असतो. मागचा लाल रिफ्लेक्टर कधीतरी पडलेला असतो आणि कोणाच्या लक्षात आलेला नसतो. टायरची नक्षी दीड मिलिमीटरपेक्षा कमी झाली की गाडी नापास होते. जुन्या गाडीचा टायर मात्र झिजण्याआधी वाळतो. म्हणून त्याच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर दहा वर्षांचे निघते, असे वारंवार घडते.

चेन सेटची स्थिती स्प्रॉकेटचे दात सांगतात. ते एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले की नुसती चेन बदलून भागत नाही. पुढच्या शॉकअपचे ऑइल सील गेले की तेल नळीवरून खाली ओघळून ब्रेकपर्यंत पोहोचते. हा दोष तपासनीस सोडत नाहीत आणि सोडूही नये. क्लच आणि ब्रेकच्या वायरी लिव्हरपाशी, शिशाच्या गोळीला लागून, एकेक तार करून तुटतात. तिथे रबरी टोपी असली तर ती सरकवून पाहावे.

यानंतर येतो कोनसेट, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर फिरते ते. जुन्या गाडीत हा दोष वारंवार आढळतो, पण क्वचितच तपासला जातो. रस्त्यावर गाडी बहुतेक वेळ सरळ जाते, त्यामुळे छर्रे त्याच त्या जागी बसून खड्ड्यांचे धक्के खातात. खालच्या कपात प्रत्येक छर्र्याखाली एक बारीक खळगा पडतो आणि हँडल बरोबर मध्यावर आले की ‘टक्’ करून तिथे अडकते. दोन चाकांचा तोल हँडलच्या अखंड चाललेल्या बारीक हालचालींवर टिकतो. मध्यावरच ते अडखळू लागले की गाडी कमी वेगात डुलते आणि वळणात ढकलावी लागते. गॅल्स्टन गॉर्जच्या हेअरपिन वळणांवर ते लगेच जाणवते. परीक्षा सोपी आहे: गाडी डबल स्टँडवर घेऊन मागे दाबायची, पुढचे चाक अधांतरी करायचे आणि दोन बोटांनी हँडल सावकाश इकडून तिकडे न्यायचे. मग शॉकअपची खालची टोके धरून पुढे-मागे हलवायची. खडखड जाणवली तर बेअरिंग ढिले आहे. एका मिनिटाचे काम.

हे एक मिनिट कोणी खर्च केले नाही, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला अजून सलते. तिशीकडे झुकलेली त्याची एक सिलिंडरची मोटरसायकल एकाच ठिकाणी दरवर्षी पास होत गेली. दिवे लावून पाहिले जात, हॉर्न वाजवला जाई, टायरवर नजर फिरे आणि शेरा मिळे. चाक जमिनीवरून उचललेले एकदाही दिसले नाही. पुढे गॅरेज बदलले, तिथे तपासनीसाने आधी डबल स्टँड लावला आणि हँडल फिरवताच मान हलवली. नापास. पहिली भावना संतापाची होती: इतकी वर्षे चालली ती गाडी आजच कशी बिघडली? कोनसेट उघडल्यावर कपातले खळगे नखाला लागत होते. असे खळगे वर्षभरात पडत नाहीत. म्हणजे आधीच्या कित्येक पिंक स्लिपांनी न तपासलेल्या गोष्टीची हमी दिली होती, त्यांचे पैसे घेतले होते आणि त्या भरवशावर मागच्या सीटवर घरची माणसे बसली होती. ‘सोपे’ गॅरेज शोधण्याची आणि ते एकमेकांना सुचवण्याची सवय आहे, ती सोडावी. चाक उचलत नसेल त्या तपासनीसाकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

तरी नव्या तपासनीसाचाही शब्द अखेरचा मानता येत नाही. त्यानेच पास केलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक काही आठवड्यांनी दाबल्यावर सुटेनासा झाला आणि डिस्क तापू लागली. रबरी ब्रेक पाइप बाहेरून ठणठणीत होता. आतून फुगून त्याची वाट बंद झाली होती. जोराने दाबल्यावर तेल पुढे जाई, परत येण्याइतका जोर त्याच्यात नसे. बाहेरून पाहणाऱ्याला हे दिसणे कठीण, म्हणून त्याला दोष देणे योग्य वाटत नाही. पण चाक अधांतरी असतानाच ब्रेक दाबून सोडून ते हाताने फिरवले असते तर कदाचित कळले असते. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते; ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. मूळ रबरी पाइप वीस वर्षे टिकला तर तो बदलायलाच हवा, तपासणी काहीही म्हणो.

नापास झाल्यास दुरुस्तीला चौदा दिवस मिळतात. काम कुठेही करून घेता येते आणि त्या मुदतीत त्याच ठिकाणी फेरतपासणी होते. नोंदणी मात्र तिच्या तारखेलाच संपते, पुढे सवलतीचा एक दिवसही नाही. म्हणून जुन्या गाडीची तपासणी नूतनीकरणाच्या बऱ्याच आधी करावी. पिंक स्लिप सहा महिने चालते.

महाराष्ट्रातून आलेल्याला हे सगळे जाचक वाटते, कारण तिकडे खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग आणि पर्यावरण कर. मधल्या काळात पीयूसी होते, पण त्यात धूर मोजतात. ब्रेकला कोणी हात लावत नाही. पुण्यात रोज धावणारी चौदा वर्षांची दुचाकी कायद्याने एकदाही हँडल हलवून पाहिलेली नसते. त्यापेक्षा वाईट का होईना, पिंक स्लिप बरी, असे म्हणावे लागते, आणि वर लिहिलेला संताप तरीही कमी होत नाही.

न्यू साउथ वेल्समध्ये आवाजाचा नियम गाडीच्या जन्मतारखेवर ठरतो. फेब्रुवारी 1985 नंतर बनलेल्या मोटरसायकलला उभ्या स्थितीत 94 डेसिबलची मर्यादा आहे, त्याआधीच्यांना 100 ची. सायलेन्सरला भोक पडले असेल तर मोजण्याआधीच गाडी परत जाते.

तीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहनांची सशर्त नोंदणी घेता येते. त्यासाठी मान्यताप्राप्त क्लबचे सदस्यत्व लागते; क्लबच्या कार्यक्रमांखेरीज लॉगबुकात नोंद करून वर्षाला साठ दिवस गाडी चालवता येते. खर्च बराच कमी होतो. तपासणी याही योजनेत टळत नाही.