वहीचं पान

राहुल आवारेचं पाटोदा ते आमचं पाटोदा. त्यानं २०१८ साली राष्ट्रकुलचं कुस्तीतलं सुवर्ण आणलं. त्याच्या कितीतरी आधीपासून इथं खेळ म्हणजे लाल माती. कराटेला लोक ‘हातवारे’ म्हणायचे.

दसरा झाला की ऊसतोडीचे ट्रक भरायचे. अण्णांनी मुकादमाची उचल घेतलेली, घरी सांभाळायला कुणी नाही. म्हणून मीही कोयत्याबरोबर. त्या वर्षी सातवीत होते, कमरेला व्हाइट बेल्ट. यलोची परीक्षा डिसेंबरात. “सर, मी नाय परीक्षेला,” एवढंच सांगायला गेले होते.

सरांनी माझ्याच वहीचं पान फाडलं. बॉलपेननं त्यावर इवलेइवले पाय काढले, प्रत्येकाला आकडा, वळायचं तिथं बाण. हेइआन शोदान, आमचा पहिला काता, एकवीस हालचालींचा. नऊ आणि सतरा या आकड्यांना गोल करून लिहिलं, ‘इथं ओरड’. म्हणाले, “जिथून सुरू करशील तिथंच संपला पाहिजे. आल्यावर बघू.”

उसाच्या फडावर आमच्या कोपीपुढं, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढं, जागा ती केवढी! त्यातही तोडलेल्या उसाची खोडकं. आई भाकरी थापायची तेव्हा चुलीच्या उजेडात मी पान उघडायची. पहिल्यांदा सतराव्याला ओरडले, तर शेजारची म्हातारी काठी घेऊन धावत आली. तिला वाटलं, साप निघाला.

चैत्रात परतलो. सरांनी माझ्या एकटीची परीक्षा घेतली. काता संपला आणि बघते तर सुरुवातीच्या रेघेपासून हातभर लांब. मान खाली घातली. सर माझ्या पायांकडं बघत होते.

“खोडकं चुकवत शिकलीस ना?”

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

“रेघ मार आणि परत कर. आता खोडकं नाहीत.”

परीक्षेची फी त्यांनी मागितली नाही, मीही कधी विचारलं नाही. बेल्टही ऑरेंजला गेलेल्या एका मुलाचा, टोकाला शाईनं त्याचं नाव. मला संकोच वाटला तेव्हा सर हसले. “अगं, कराटेनंसुद्धा बेल्ट ज्युदोकडून उसनाच घेतलाय.” ज्युदो सुरू करणाऱ्या कानोंची ती पद्धत उचलून कराटेगुरू फुनाकोशींनी १९२४ साली कराटेतले पहिले ब्लॅक बेल्ट दिले, हे मला फार उशिरा कळलं.

ग्रीन, ब्लू, ब्राऊन होत गेले. ब्लॅकच्या आधीच्या पायऱ्यांचे, म्हणजे क्यूचे, आकडे उलटे उतरत एकावर आले आणि ब्लॅक बेल्ट मिळाला, तर त्या पायरीचं नावही शोदानच. म्हणजे पुन्हा पहिली.

आता मी शिकवते. मोबाईलवर व्हिडिओ पाठवता येतो, तरी दसऱ्याआधी वहीची पानं घेऊन बसते. गेल्या वर्षी पान घडी घालता घालता एका पोरीनं विचारलं, “ताई, कोपीपुढं जागाच नसली तर?”

“पावलं आखूड टाक,” मी म्हटलं, “आल्यावर बघू.”